धुलाईचं रसायन – भाग ४ : डाग सुटतो कसा?

गेल्या भागात पाण्याचा पृष्ठताण पाहिला. २५ अंश सेल्सिअसला तो मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो; डिटर्जंट मिसळला की निम्म्याच्या आसपास उतरतो आणि पाणी धाग्यांच्या फटींत शिरतं. पण कापड भिजणं वेगळं आणि तेलकट डाग सुटणं वेगळं.

उदाहरणाला सोडियम लॉरिल सल्फेट घेऊ. टूथपेस्टच्या वेष्टनावर हे नाव बऱ्याचदा दिसतं. बारा कार्बन अणूंची शेपटी, टोकाला सल्फेटचं डोकं. पाण्यात सोडियम सुटा होतो, डोक्यावर ऋणभार उरतो आणि पाण्याचे रेणू त्याच्याभोवती गर्दी करतात. शेपटी मात्र तेलाच्याच जातीची.

तेलापाण्याचं वैर असतं, असं शाळेपासून कानावर पडतं. ही समजूत मला खोडावीशी वाटते, कारण खरी गोष्ट अधिक सुंदर आहे. शेपटी आणि पाणी यांच्यात थोडं आकर्षणच असतं. पण पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी जोडलेले. हे बंध क्षणोक्षणी तुटतात, नव्याने जुळतात. शेपटीशी तसा बंध जुळत नाही. मग तिच्या शेजारच्या रेणूंना आपले बंध राखायचे, तर ठरावीक दिशांनाच वळून राहावं लागतं. त्यांची मोकळीक जाते. शेपट्या एकमेकींना बिलगल्या की हे अडकलेले रेणू सुटतात, एन्ट्रॉपी वाढते. शेपट्यांना एकत्र लोटतं ते मुख्यतः पाणीच!

आधी हे रेणू पृष्ठभागावर जागा धरतात, डोकं पाण्यात आणि शेपटी हवेत. तिथे दाटी झाली, प्रमाण लिटरला साधारण २.३ ग्रॅमपर्यंत पोचलं, की पाण्याच्या आत गोळे बनू लागतात. एकेका गोळ्यात साठेक रेणू, शेपट्या आत, डोकी बाहेर, व्यास चार नॅनोमीटरच्या आसपास. हे मायसेल. साबणाच्या द्रावणात असे समूह असावेत, ही कल्पना जेम्स मॅकबेन यांनी १९१३ साली मांडली. मायसेल घट्ट वस्तू नव्हे. त्यातले रेणू मायक्रोसेकंदांत ये-जा करत असतात.

आता डाग. शेपट्या तेलात रुततात, काही रेणू धाग्यावरही बसतात. धाग्याला आता तेलापेक्षा पाणी अधिक सहज चिकटतं. तेलाचा पसरलेला थर कडेने आत सरकू लागतो, त्याचा थेंब होतो आणि घुसळणीत तो निघून येतो. मायसेलच्या पोटातही थोडं तेल विरतं, पण मोठं काम या थेंब होण्याचं. सुटलेल्या थेंबावर ऋणभारित डोक्यांचं आवरण असतं. पाण्यात सुती धाग्यावरही ऋणभारच असतो. दोघं एकमेकांना दूर सारतात, म्हणून मळ पुन्हा कपड्यावर बसत नाही.

यात फेसाचं काही काम नाही. फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांभोवती जमलेले हेच रेणू. मशीनच्या पावडरीत तो मुद्दाम कमी ठेवतात.

बोअरच्या जड पाण्यात मात्र अडचण येते. तिथल्या कॅल्शियमशी साबणाचा न विरघळणारा चोथा होतो. कपड्यांच्या पावडरीतली सल्फोनेटं अधिक टिकाव धरतात, पण कॅल्शियम फार झालं तर तीही कमी पडतात. म्हणून पावडरीत धुण्याचा सोडा आणि झिओलाइट घालतात. त्यांचं काम पुढच्या भागात पाहू.