परदेशी विद्वानांचा बेळगाव-मुक्काम

आज के.एल.ई. अभिमत विद्यापीठाचे अंग असलेल्या, 1963 साली स्थापन झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात परदेशी विद्वान येतात ते केवळ व्याख्यान देऊन हारतुरे स्वीकारण्यापुरते नव्हे, याची साक्ष अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने येथे पार पडलेल्या मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीच्या चाचणीने दिली आहे. 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातील खेड्यांत 1,620 मातांपैकी काहींना ही गोळी, तर काहींना निष्क्रिय गोळी देऊन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मातेखाली अंथरलेल्या मापाच्या प्लास्टिक पिशवीत परिचारिका मोजीत असत. निष्क्रिय गोळीच्या गटात अतिरक्तस्राव 12 टक्के, तर औषधाच्या गटात 6.4 टक्के आढळला, आणि 2006 साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रेयाचा मोठा वाटा त्या परिचारिकांचा, हे आमचे मत.

यजमानपणातील दफ्तरी कामही थोडे नसते. पाहुणा अतिथिगृहात उतरताच 24 तासांच्या आत त्याची वर्दी परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्यास रीतसर द्यावी लागते; 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यास सामान्यतः 14 दिवसांत स्वतःची नोंदणीही करावी लागते. तेव्हा पारपत्र व व्हिसा यांच्या नकला यजमानाने पहिल्याच दिवशी मागून घ्याव्यात.