उद्यानातील टेकडी आणि ‘चित्तमात्र’

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामाच्या ‘कोराकुएन’ उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे. तेथील हिरवळ व पाणी सर्वांच्या स्मरणात राहते. परंतु या उद्यानपरंपरेचा खरा कणा टेकडी होय.

तिचे मूळ चीनमध्ये आहे. चिनी भाषेत निसर्गचित्रास ‘शान-श्वेइ’, म्हणजे ‘पर्वत-जल’ म्हणतात. पर्वत हे स्थैर्याचे प्रतीक. म्हणून नगरातील बागेतही दगडमातीचा पर्वत उभारला जाई. बौद्ध धम्माने या प्रतीकास नवा आशय दिला. ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथानुसार इ. स. ६१२ मध्ये कोरियातील एका कारागिराने राजवाड्याच्या दक्षिण अंगणात सुमेरु (पालीतील सिनेरु) रचला.

कोराकुएन १७०० साली पूर्ण झाले. पुढे तेथे जेमतेम सहा मीटर उंचीची एक टेकडी उभारण्यात आली. तिचे नाव ‘युइशिन-झान’, अर्थात ‘केवळ चित्त’ असा पर्वत. लंकावतारसूत्रात वारंवार येणारी ‘चित्तमात्र’ ही संज्ञा तिथे मातीच्या उंचवट्याला लाभली आहे! अशा परंपरेतील उद्यानास नुसती ‘जपानी शैली’ म्हणून बाजूला सारणे उचित नव्हे. मूळचे कोराकुएन सरंजामदाराचे खासगी उद्यान होते. १८८४ मध्ये ते सर्वसामान्य जनतेस खुले झाले.