कापडाचे फूल पावसात का मलूल होते?

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वेंगुर्ले तालुक्यात आरवली-आसोलीच्या बाजूला गेलात, तर सुरंगीचा वास वाटेतच गाठतो. फांद्यांना थेट चिकटून आलेल्या या कळ्यांचे वळेसार बाजारात येतात आणि थोड्याच आठवड्यांत हंगाम संपतोही. अबोलीला वास नाही. पण तिची वेणी दोन-तीन दिवस रंग टिकवून धरते. तरी केसांत माळायला फुले नेहमी मिळतातच असे नाही. मग सुटीच्या दिवसांत शिवणाच्या पेटीतील चिंध्या बाहेर निघतात आणि मुली कापडाची फुले करतात.

मे महिन्यात मालवणात केलेले असे फूल छान ताठ असते. जूनमध्ये शाळा सुरू होते, पाऊस लागतो आणि डब्यात जपून ठेवलेल्या त्याच फुलाच्या पाकळ्या खाली झुकलेल्या दिसतात. पावसाचा थेंबही लागलेला नसताना हे कसे झाले?

आधी खऱ्या फुलाकडे पाहू. त्याच्या पाकळीत हाडे नाहीत की तारा नाहीत. पाकळीच्या प्रत्येक पेशीत पाणी भरलेले असते आणि ते पेशीच्या भिंतीवर आतून दाब देते. हवा भरलेली सायकलची ट्यूब जशी टणक लागते, तसाच हा प्रकार. फूल खुडले की पाण्याचा पुरवठा तुटतो, दाब उतरतो आणि फूल कोमेजते. म्हणजे खरे फूल पाणी गेल्याने मान टाकते. कापडाच्या फुलाचे नेमके उलटे आहे. ते पाणी आल्याने मान टाकते!

आता फूल करायला घ्या. सुती कापडाचे सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे पाच गोल कापा. प्रत्येक गोल अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा दुमडा आणि गोलाकार कडेने धावदोरा घालून चुण्या ओढा. झाली एक पाकळी. पाचही पाकळ्या एकाच दोऱ्यात ओवून वर्तुळात आवळा, मध्ये गुंडी शिवा आणि मागे केसांचा चाप टाका. यात एक गंमत आहे. हातरुमाल उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ओढून पाहा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा, लगेच लांबतो. विणीतले चौकोन तिरपे होऊ शकतात म्हणून हे घडते. शिंपी याला उरेप म्हणतात. पाकळीची घडी उरेप आली तर ती गोलसर व मऊ बसते. सरळ धाग्यावर आली तर कागदासारखी टोकदार दिसते. कापलेल्या कडेचे धागे सुटतात ते वेगळेच; विणीला केवळ घर्षणाने धरलेले असते. आपल्या पाकळीत ती कड चुण्यांत लपते, एवढे बरे.

नुसते सुती कापड लुळे असते, म्हणून त्याला खळ हवी. वाटीभर थंड पाण्यात चमचाभर तांदळाचे पीठ कालवून, ढवळत शिजवा. (पेज वापरायची असेल तर ती सुरय तांदळाची घ्या, उकड्या तांदळाची तेवढी चिकट होत नाही.) पाणी ७० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि मिश्रण दाट होते. ही खळ धाग्यांच्या फटींत शिरते व वाळल्यावर धागे एकमेकांना जखडून टाकते. ओलसर पाकळी पळीच्या खोलगट भागात दाबून वाळवली, तर तोच बाक घेऊन उठते. जपानमध्ये केसांत माळायची रेशमी फुले करण्याची जुनी कला आहे. तिला त्सुमामी म्हणतात. त्यातही रेशमाचे चिमुकले चौकोन दुमडून तांदळाच्या खळीनेच चिकटवतात.

पण कापूस म्हणजे सेल्युलोज आणि खळ म्हणजे स्टार्च. दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि पाण्याच्या रेणूंनाही तितक्याच आनंदाने धरतात. हवेतील बाष्प आत शिरले की पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये घुसतात, आधीचे बंध सुटतात आणि साखळ्या सरकू लागतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना १०० ग्रॅम कोरड्या कापसात सुमारे ८ ग्रॅम पाणी असते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते आणि हवा बाष्पाने भरत जाते तसा हा आकडा दुपटीकडे झुकतो. कापूस ओला होऊन दुबळा होतो असे मात्र नाही. त्याचा धागा भिजल्यावर उलट थोडा अधिक मजबूत होतो. जाते ती ताठरता. ज्या केसांत फूल माळायचे त्यांचीही हीच कथा. ओले करून वळवलेले केस वाळल्यावर वळण धरतात आणि दमट हवेत ते सोडतात.

इस्त्री फिरवली की पाणी उडते, बंध पुन्हा जुळतात आणि फूल सावरते. पण चार दिवसच. शिवाय खळ लावलेल्या कापडावर बुरशी, कसर आणि झुरळे टपलेलीच असतात.

दुसरा उपाय म्हणजे कापडच बदलणे. पॉलिएस्टर हे बहुवारिक इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली तयार केले. टेरिलीन ते हेच. त्याच ६५ टक्के आर्द्रतेत त्याच्या १०० ग्रॅममध्ये पाणी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्याला खळ लागत नाही. धागा तयार करताना ताणून त्याचे रेणू एका रांगेत आणलेले असतात; उष्णता मिळताच ते पुन्हा गोळा होऊ पाहतात. म्हणून पाकळीची कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला, थोडी दूर धरली की ती आक्रसते आणि पाकळी वाटीसारखी वळते. सुमारे २६० अंशांना पॉलिएस्टर वितळते, त्यामुळे जरा जवळ नेल्यास सुटणारे धागेही कडेला जुळून जातात. हे काम मोठ्या माणसांसमोर, पाण्याचे भांडे शेजारी ठेवून आणि चिमट्यानेच करा. वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो व खोल भाजतो. सुती कापडावर हा प्रयोग करूच नका. ते वितळत नाही, थेट पेटते.

आता खात्री करून घ्या. तीन फुले करा: बिनखळीचे सुती, खळीचे सुती आणि पॉलिएस्टरचे. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात तळाला ओले फडके पसरा, त्यावर वाटी उपडी ठेवून फुले तिच्यावर मांडा आणि झाकण घट्ट लावा. फुलांना फडके लागता कामा नये. शाळेच्या तराजूवर आधी आणि नंतर वजन करता आले तर फारच उत्तम. शिंप्याकडून चौथ्या फुलापुरती टेरिकॉटची चिंधीही आणा. त्यात बहुधा ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग कापूस असतो. हे फूल रात्रभरात किती झुकेल, याचा अंदाज आधी वहीत लिहा आणि सकाळी मगच डबा उघडा.