मोडलेलं मनगट, सुई आणि कमलाबाई

रिंगास्किडीहून एका वाचक बाईंचा प्रश्न आला आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदराच्या काठचं हे गाव. औषधांचे कारखाने तिथं, फ्रान्सला जाणारी फेरी तिथून, आणि जगभरच्या म्हाताऱ्यांना कृत्रिम गुडघे-खुबे पुरवणारा कारखानाही तिथलाच. बाई ओल्या पायरीवरून घसरल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर नुकतंच निघालंय. नातवाची गोधडी मशीनवर शिवून झालीय, काठ तेवढा हातानं घालायचा राहिलाय. ‘घालू का? शिवणानं हाडही लवकर जुळतं म्हणे!’

हे ‘म्हणे’ आधी निकालात काढू. शिवणानं हाड जुळत नाही. हाड आपल्या गतीनं जुळतं. सुई उपयोगी पडते ती नंतर, आखडलेल्या हातासाठी.

मनगटाच्या अशा मोडीला नाव बाईंच्याच देशातल्या माणसाचं आहे, याची मला मोठी गंमत वाटते. 1814 साली, म्हणजे क्ष-किरणांच्या 81 वर्षं आधी, डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी लिहिलं की लोक ज्याला मनगट निखळणं समजतात, ते बहुधा सांध्याच्या दीडेक इंच वर हाड मोडलेलं असतं. हात वाकडा दिसला तरी पुढे कामाला येतो, हा दिलासाही त्यांनीच दिला. पण तो कामाला आणायचा कसा, हे ठरायला आणखी शंभर वर्षं गेली.

आता बाईंच्या सुईकडे येऊ. सुईला वजन ते किती, असं वाटेल. पण अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा भार येतो. कुनी आणि चाओ यांनी 1977 साली हे गणित मांडलं. अडकित्ता आठवा. बिजागरीजवळच्या सुपारीवर मुठीपेक्षा कितीतरी जास्त जोर पडतो. अंगठ्यात स्नायू त्या सुपारीच्या जागी बसलाय, आणि जोर त्यालाच लावायचाय! म्हणून जुनी साडी, मधला थर आणि अस्तर यांतून धावदोरा ओढणं प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या हाताला भारी. काठाचा टाका मात्र वरच्या पदरातच अडकवायचा असतो. शिवाय लांब दोरा ओढताना कोपर सरळ होतं, खांदाही हलतो, आणि मनगट मोडलेल्यांचा खांदा बरेचदा मुकाट्यानं आखडत असतो.

काम असं हालचालींमध्ये उसवून, ज्याला जी झेपेल ती द्यायची, ही ऑक्युपेशनल थेरपी. आपल्याकडे ती आणली एलिझाबेथ लंडी या अमेरिकन क्वेकर बाईंनी. विष्णू निंबकरांशी लग्न केलं, मुंबईत राहिल्या आणि त्या कमलाबाई झाल्या. चाळिशीत परत अमेरिकेत, फिलाडेल्फियाला जाऊन ही विद्या शिकल्या आणि 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिची शाळा काढली. आशियातली ही पहिली. 1952 साली या विद्येची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता तो त्यांच्यामुळे. फलटणचे शेतीसंशोधक बी. व्ही. निंबकर त्यांचे चिरंजीव, इरावती कर्व्यांची कन्या जाई त्यांची सून. या घराविषयी आपण पुष्कळ वाचतो, सासूबाईंविषयी मात्र ओळही दिसत नाही. आणि आता हातकामातून बरं करण्याची तीच रीत ‘माइंडफुल स्टिचिंग’ म्हणून महागड्या पेटीत विकायला येते!

तर बाई, तुमच्या डॉक्टरांनी हात वापरायला मोकळीक दिली असेल, तर काठ घाला. बारीक सुई घ्या, अंगुस्तान घाला, सुई रुतली तर रबराच्या तुकड्यानं ओढा. पहिल्या दिवशी वीतभरच. रात्री मनगट ठणकलं किंवा सुजलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं. आतला धावदोरा यंदा राहू द्या, मशीननं तो घातलाच आहे.