पिन टाकण्याआधी काय दिसतं?

भाजीच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी क्यूआर कोडचे दोन-तीन स्टिकर हमखास दिसतात. एक जांभळा, एक निळा-पांढरा. नाव न वाचताही कुठला कोणाचा, हे गिऱ्हाइकाला कळतं. फोनपेच्या जांभळ्या वर्तुळात तर चक्क देवनागरी ‘पे’ आहे. पैशाच्या व्यवहारात ही ओळख मोलाची असते, कारण अनोळखी दारात कोणी पाकीट उघडत नाही.

२०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं आणि कोणत्याही अ‍ॅपवरून कोणत्याही बँकेच्या खात्यात पैसे पाठवता येऊ लागले. आतली यंत्रणा सगळ्यांची एकच. मग अ‍ॅप वेगळं ठरतं ते रंगाने, चिन्हाने, बटणांच्या मांडणीने.

पिनचा पडदा मात्र अ‍ॅपवाल्यांच्या हातात नसतो. तो यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या सामायिक सॉफ्टवेअरमधून येतो. अ‍ॅप कितीही नटवलेलं असो, इथे सजावट संपते: बँकेचं नाव, रक्कम, पिनची चार किंवा सहा घरं आणि खाली आकडे. टाकलेला पिन अ‍ॅपला कळत नाही. आपला रंग, आपलं चिन्ह बाजूला ठेवून ग्राहकाला रक्कम नीट वाचू देणारा हा साधा पडदा या साऱ्या रचनेतला सर्वात शहाणा भाग आहे.

रक्कम वाचली, तरी पैसे येणार की जाणार हे उमगलं नाही तर घात होतो. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला फोन यायचा, ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या.’ प्रत्यक्षात पैसे घ्यायला पिन लागतच नाही. आलेली असायची ती पैशांची मागणी, आणि पिन टाकताच खात्यातून पैसे जायचे. अशा फसवणुकीत माणसाला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. देणं आणि घेणं जवळपास सारखं दिसावं, हा रचनेचाच दोष. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. पैसे कोणाला चाललेत, ते बँकेत नोंदलेल्या नावानिशी दाखवणंही त्याच वर्षी बंधनकारक झालं.

विक्रेत्याची अडचण निराळी. हात ओले, गिऱ्हाइकांची गर्दी, त्यात कोणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जातो. पेटीएमने २०१९ मध्ये आणलेल्या साउंडबॉक्सने हा प्रश्न पडद्याविनाच सोडवला. आत सिमकार्ड असलेला तो डबा रक्कम मोठ्याने सांगतो, मराठीतही सांगतो. पालक निवडता निवडता कानावर ‘चाळीस रुपये’ पडले की हिशेब चुकता.

अ‍ॅपच्या मराठी पडद्यांवर मात्र अजून बरंच काम बाकी आहे. पैसे अडकले की ‘व्यवहार प्रलंबित आहे’ एवढ्यावर घाबरलेल्या माणसाचं भागत नाही. त्याला हवं असतं, ‘पैसे अजून पोचलेले नाहीत. पुन्हा पाठवू नका, थोडं थांबा.’