धरणाचें जुळें भावंड

वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या तासास ऐकतों. त्या घराचा पाया पूर आल्यावरच कळला. मोर्शीजवळ सिंभोरा येथें वर्धा नदीवर बांधलेल्या ज्या धरणाचें पाणी अमरावतीकर पितात, त्याच्या बाबतींत अशी वाट पाहणें परवडणारें नाहीं. दरवाजे केव्हां व किती उघडावे, यावर खालच्या गांवांचें जीवित अवलंबून असतें. म्हणून प्रतिकृति करावयाची आणि हव्या तितक्या चुका तिच्यावर करून घ्यावयाच्या.

ही विद्या महाराष्ट्रास नवी नव्हे. १९१६ सालीं सुरू झालेल्या व पुढें खडकवासल्यास स्थिरावलेल्या जलसंशोधन संस्थेंत नद्यांच्या लहान प्रतिकृतींतून पाणी खेळवितात. प्रतिकृति शंभरपट लहान केली, तर काळ मात्र दहापटच आखूड होतो. कारण शंभराचें वर्गमूळ दहा. दहा तासांचा पूर तेथें एका तासांत पाहावयास मिळतो!

पुढें मातीचें काम गणिताकडे आलें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे भूकंपानें कोयनेचें धरण हादरलें. तें उभें राहिलें, परंतु सांडव्याखेरीजच्या उंच भागांत, भिंतीचा उतार जेथें एकाएकीं बदलतो त्या पातळीस, आडव्या भेगा पडल्या. धरणांतच बसविलेल्या यंत्रानें हादऱ्यांची नोंद केली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यानें ती भिंत गणितांत लहान लहान तुकड्यांत विभागली व तिला तेच हादरे दिले. काँक्रीटला न सोसणारा ताण नेमका त्याच पातळीस निघाला. ती नोंद आजही जगभर अशा गणितांच्या परीक्षेस लावतात.

हल्लीं ज्यास डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकांतील जुळें, म्हणतात, तें याहून एक पाऊल पुढें आहे. प्रतिकृति एकदांच घडते. जुळें मात्र पाण्याची पातळी, झिरपा, तापमान हीं मापें मूळ वस्तूपासून सतत घेऊन स्वतःस दुरुस्त करतें. समजा, गणित म्हणतें पाणी ६० सेंटिमीटर चढेल आणि मापक ६४ दाखवितो. मापकावर तिप्पट विश्वास असेल, तर ६३ धरावे. रुडॉल्फ काल्मन यांनीं १९६० सालीं मांडलेल्या रीतीचें मर्म इतकेंच. फक्त तो विश्वास किती धरावा, हेंही ती प्रत्येक वेळीं नव्यानें मोजते.

परंतु तफावत रोज एकाच बाजूस पडूं लागली, तर सावध व्हावें. मापकांत गाळ बसला असेल, किंवा धरणांतच कोठें पाणी वाट काढीत असेल. या दोहोंपैकीं कोणतें खरें, हें जुळ्यास सांगतां येत नाहीं. त्यासाठीं भर पावसांत कंदील घेऊन कोणास तरी भिंतीवर जावें लागतें.