घरातली वायर किती जाडीची?



लांबच्या उसाला पाणी न्यायचे तर पाइप किती इंची घ्यावा, हे आपण दहा जणांना विचारतो. घरात मात्र ‘वायरमन आणील ती वायर’ म्हणून मोकळे होतो.

दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट व 800 वॉटपेक्षा जास्त भार नसावा, असा दंडक आहे. 230 व्होल्टला 800 वॉट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. त्याला तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरून उरते. एमसीबी 6 अँपिअरची बसवावी. गोठा 60 मीटर लांब असला तर या वायरीत 5 व्होल्ट घटतात. अंतर त्याहून वाढले तर अडीचची वायर घ्यावी.

मग वायर जळते कशाने? त्याच लाइनवर कोणी 2000 वॉटचा हीटर लावतो. तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. फ्यूज उडतो, की त्यात जाड तार भरायची! मग फ्यूज टिकतो अन् वायर तापते. वर माळ्यावर पेंढा असला तर पुढचे सांगायला नको. फ्यूज हा वायरीचा राखणदार आहे. त्याला बांधून ठेवू नका. हीटरला अडीचची वेगळी लाइन व 16 अँपिअरची एमसीबी घ्या.

मुठा खोऱ्यात पावसाळ्यात भिंती ओल धरतात. म्हणून अर्थिंगची हिरवी वायर व 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी टाळू नये. वायर आयएसआय छापाचीच घ्यावी, काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.